गिटार ‘हूंऽऽ’ करते की ‘झिर्रर्र’? पिकअपवर पैसे घालायच्या आधी एवढं तपासा

लातूर घ्या, नांदेड घ्या, परभणी घ्या, इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी पोरं जेव्हा पिकअप (तारांचा आवाज पकडून अँपकडं पाठवणारा भाग) बदलायचं म्हणतात तेव्हा बऱ्याच वेळा त्यामागं टोन नसतोच, त्रास असतो तो न वाजवताच आपोआप येणाऱ्या आवाजाचा. हात थांबला की अँपमधून सुरू. मग कुणीतरी सांगतं, सिंगल कॉइल आहे ना तुझी, हम्बकर टाक, गप होईल. सिंगल कॉइल म्हणजे तारेच्या वेढ्यांची एकच गुंडी असलेला पिकअप, हम्बकर म्हणजे दोन गुंड्यांचा. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. गिटारमधून येणारे हे आवाज दोन वेगळे आहेत, दोन्ही लाईटीमुळंच येतात, अँपमधून ऐकू पण एकत्रच येतात म्हणून माणूस दोन्हीला एकच समजतो, पण एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही. हम्बकर एकाला मारतो आणि गिटारच्या आत चिकटवायची कॉपर टेप दुसऱ्याला, आणि अदलाबदल झाली की खर्च होऊन आवाज जागच्या जागी.

पहिला आवाज म्हणजे हम. जाड, गोल, पोटातून आल्यासारखा ‘हूंऽऽ’. आपल्याकडची लाईट 50 सायकलची, म्हणून हा आवाज 50 हर्ट्झ आणि त्याच्या पटीत, 100, 150 असा बसतो. हे कानानं ओळखायची एक पद्धत आहे आणि ती मला फार आवडते. गिटार नीट ट्यून करा, सगळ्यात जाड सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून वाजवा. तो जी, म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी पाच, 98 हर्ट्झच्या आसपास. हमचा 100 हर्ट्झचा थर त्याच्या अगदी शेजारी, त्यामुळं स्वर विरत जाताना दोन्ही एकमेकांत मिसळून आवाज सावकाश वर-खाली हेलकावतो, सेकंदाला साधारण दोनदा. हा हेलकावा आला म्हणजे तुमच्या आवाजात 50 सायकलवाला हम आहे हे पक्कं. अमेरिकेत लाईट 60 सायकलची, त्यामुळं तिकडच्या व्हिडिओत ऐकलेला हम आणि आपल्या घरातला हम एका सुरात नसतात.

दुसरा आवाज बझ. हा पातळ, टोचणारा, ‘झिर्रर्र’, माशी कानाशी आल्यासारखा. यात वरच्या पट्टीच्या लहरी भरपूर असतात, आणि त्या येतात डिमर, स्वस्त एलईडी बल्ब, जुन्या चोकच्या ट्यूबलाइट, मोबाईल-लॅपटॉपचे चार्जर यांच्याकडून. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात स्टेजवरचे ‘पार’ नावाचे मोठे लाईट डिमरवर अर्धे केले की गिटार एकदम झिरझिरायला लागते, हे स्टेजवर वाजवणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं.

आता हे दोघं आत शिरतात कसे, कारण सगळा फरक तिथं आहे. हम येतो चुंबकाच्या वाटेनं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसापेक्षा बारीक तांब्याची तार, स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर, तीन सिंगल कॉइलवाली गिटार) पिकअपमध्ये साधारण 8 हजार वेढे. गिटारची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यात करंट तयार होतो. पण त्या वेढ्यांना समोर तार हलतेय का बाजूला अँपचा ट्रान्सफॉर्मर हलवतोय हे कळत नाही, बदलतं चुंबकीय क्षेत्र आलं की ते घेणारच. म्हणून हमला दिशा असते. अँपसमोर उभं राहून गिटार हळूहळू फिरवा, एका कोनावर हम जवळजवळ गायब होईल, आणखी फिरवली की परत येईल. अँपपासून चार पावलं मागं गेलात तरी लगेच कमी होतो.

बझ चुंबकाच्या वाटेनं येत नाही, तो येतो विजेच्या क्षेत्राच्या वाटेनं. भिंतीतल्या वायरी, एक्स्टेंशन बोर्ड, वरची ट्यूब, या सगळ्यांतून ते क्षेत्र खोलीभर पसरलेलं असतं आणि त्यातला सगळ्यात मोठा अँटेना म्हणजे आपलं स्वतःचं अंग. तुम्ही गिटार पोटाशी धरता, अंगानं गोळा केलेला बझ गिटारच्या आतल्या उघड्या वायरींवर आणि पिकअपवर चढतो. तारांना हात लावला की तो कमी होतो, कारण तारा ब्रिजमधून (जिथं त्या खाली अडकतात तो धातूचा भाग) ग्राउंडला, म्हणजे केबलवाटे अँपच्या बॉडीला, जोडलेल्या असतात, हात लावला की अंगच ग्राउंड होतं. बरेच जण याला गिटारचा दोष समजतात. उलट हात लावल्यावर आवाज कमी होतो म्हणजे तारांची ग्राउंड वायर शाबूत आहे.

एवढं समजलं की टेस्ट आपोआप सुचतात. तारांना हात लावा: गप झाली तर बझ होता, फरक नाही पडला तर हम, नाहीतर ग्राउंड वायर तुटलेली. गिटार फिरवा: कोनानुसार आवाज बदलला तर हम. आणि स्ट्रॅटवाल्यांसाठी सगळ्यात चांगली टेस्ट म्हणजे सिलेक्टर, म्हणजे पिकअप निवडायचा स्विच, दोन नंबर किंवा चार नंबरवर टाकणं. आजकालच्या बहुतेक स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट्या चुंबकाचा असतो, त्यामुळं या दोन जागांवर दोन पिकअप मिळून हम्बकरसारखंच काम करतात. तिथं आवाज गेला तर हम्बकर किंवा नॉइजलेस (हम मारणारा सिंगल कॉइलच्या मापाचा पिकअप) टाकून फायदा होणार हे पैसे न घालता कळलं. तिथंही झिरझिर तशीच असेल तर पिकअपचं दुकान तूर्त विसरा.

या टेस्ट इन्व्हर्टरवर करू नका. लाईट गेल्यावर घरात स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर चालू झाला की त्या लहरीतच इतका कचरा असतो की हमसुद्धा झिरझिरीत ऐकू येतो आणि काहीच वेगळं ओळखू येत नाही. त्यापेक्षा लोडशेडिंगचा खरा उपयोग करा, इन्व्हर्टर बंद, सगळा अंधार, आणि बॅटरीवर चालणारा छोटा अँप लावून ऐका. हम पण नाही, बझ पण नाही, गिटार इतकी शांत असते हे कित्येकांना पहिल्यांदा तेव्हाच कळतं. त्या शांततेतही खरखर आली तर ती जॅक (केबल खुपसायची जागा) नाहीतर पॉटची (नॉबखालचा व्हॉल्यूम-टोनचा भाग), तो तिसराच विषय. व्हॉल्यूमचा नॉब शून्यावर आणूनही आवाज तसाच राहिला तर मात्र केबल, पेडल, अँप, नाहीतर कीबोर्ड-मिक्सरच्या ग्राउंड लूपकडं (दोन वाटांनी ग्राउंड जोडलं गेल्यानं येणारा आवाज) बघा, गिटार उघडूच नका.

आता हम्बकर. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते मिळालं 1959 मध्ये, आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या पिकअपवर पेटंटसाठी अर्ज केल्याचं, ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असं स्टिकर असायचं, म्हणून त्या पिकअपना आजही पीएएफ म्हणतात. युक्ती अशी की दोन कॉइल शेजारी, एकीचे वेढे दुसरीच्या उलटे आणि चुंबकाचं टोकही उलटं. तारेचा सिग्नल दोनदा उलटा झाला म्हणजे परत सरळ, त्यामुळं दोन्हीकडचा मिळून वाढतो. बाहेरून आलेल्या हमला मात्र पिकअपमधल्या चुंबकाशी काही देणंघेणं नाही, तो फक्त वेढ्यांमुळं उलटा होतो आणि दोन्हीकडचा एकमेकांना खाऊन टाकतो. सत्तर वर्षं झाली, अजून याच्याइतकं साधं उत्तर कुणाला सापडलं नाही, मला तर ही डोक्यानं केलेली कामगिरी फार मोठी वाटते.

पण बझला ही युक्ती पुरत नाही, कारण तो दोन्ही कॉइलवर सारखा चढत नाही, शिवाय सिलेक्टर, पॉट, जॅक यांच्याकडं जाणाऱ्या वायरींवरही चढतो. त्याला लागतं धातूचं कवच. पॉटच्या खोबणीला आणि पिकगार्डच्या मागं कॉपर टेप, किंवा कंडक्टिव्ह रंग, आणि ते सगळं ग्राउंडला जोडलेलं. इथं लोक एक गोष्ट उलटी धरतात: कॉपर टेप लावूनही ‘हूंऽऽ’ गेला नाही म्हणून टेप खोटी म्हणतात. पातळ तांबं 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवूच शकत नाही, ते आरपार जातं. टेपनं तिचं काम केलेलं असतं, फक्त ते दुसऱ्या आवाजावर.

परभणीकडच्या एका पोराची गिटार माझ्याकडं आली होती, स्ट्रॅटची कॉपी, ब्रिजला नवीन हम्बकर टाकलेला आणि झिरझिर पहिल्यासारखीच. तारांना हात लावला, काही फरक नाही. जॅकच्या धातूला बोट लावलं, एकदम गप. मागचं प्लास्टिक काढलं तर स्प्रिंग ज्या पट्टीला अडकतात त्या पट्टीवरची काळी वायर टाक्यातून निसटून नुसती टेकलेली होती. मल्टीमीटरचं एक टोक ब्रिजला, एक जॅकच्या बाहेरच्या भागाला, बीप नाही, म्हणजे जोडणी तुटलेली. पट्टी जाड लोखंडाची, 25 वॅटच्या सोल्डरिंगनं ती तापत नाही आणि टाका नुसता वर बसतो, ज्याला टीव्ही रिपेअरिंगवाले ड्राय सोल्डर म्हणतात. पट्टी घासून 60 वॅटनं टाका घातला, बीप आली, झिरझिर गेली. पिकअपचा त्यात काहीच संबंध नव्हता.

मराठवाड्यात बझचं आणखी एक कारण पायाखाली असतं, ते म्हणजे अर्थिंग. कित्येक घरांत आणि मंगल कार्यालयांत थ्री पिनचा बोर्ड असतो पण तिसऱ्या भोकाच्या मागं वायरच नसते. असली तरी खड्ड्यातलं मीठ-कोळसा उन्हाळ्यात कोरडं ठक्क पडतं, काळी माती भेगाळते, आणि अर्थिंग नावालाच राहतं. ऐन लग्नसराईत गिटार पावसाळ्यापेक्षा जास्त झिरझिरत असेल तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकलंय का हे आधी विचारा. आणि हे फक्त आवाजापुरतं नाही. गिटारच्या तारा अँपच्या बॉडीला जोडलेल्या असतात, अँपचं अर्थिंग नसेल आणि आत काही लीक असेल तर तो करंट तुमच्या बोटांवर येतो आणि ओठ माईकला लागले की त्याची वाट पूर्ण होऊन शॉक बसतो. वाजवायच्या आधी तारांना आणि माईकच्या जाळीला टेस्टर लावायची सवय करा, पेटला तर प्लग काढा, साऊंडवाला काहीही म्हणो. पण टेस्टर पेटला नाही म्हणून अर्थिंग चांगलंच आहे असं धरू नका, ते इलेक्ट्रिशियनकडूनच तपासून घ्या. बझ कमी होतो म्हणून अँपची अर्थ पिन काढायची किंवा टू पिनचा अडॅप्टर लावायचा प्रकार तर कधीच करू नका, अगदी कधीच, उलट बोर्डवर 30 मिलीअँपचा ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) बसवून घ्या. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी लॅपटॉपचा चार्जर काढून बघावं, लॅपटॉपच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर झिर्रर्रचा उगम बहुतेक तोच.

एवढं करून हमच निघाला तर पिकअपवर खर्च करा, बिनधास्त करा. फक्त सिंगल कॉइलचा तो चमचमता आवाज आवडत असेल तर पूर्ण हम्बकर टाकून तो जातो, कारण हम्बकर तार दोन जागी ऐकतो आणि वरचे काही बारीक स्वर त्यात एकमेकांना मारतात, वेढे जास्त म्हणून आवाज जाड होतो. मी स्वतः तरी अशा वेळी सिंगल कॉइलच्या मापाचा नॉइजलेस सांगतो, त्यात दोन कॉइल एकावर एक असतात, खालची मुख्यतः हम घेते, तारेचं फारसं ऐकत नाही. चमक थोडी कमी होते पण लाकूड कापावं लागत नाही. पी-90 नावाचा पिकअप घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आवाज कितीही दणदणीत असला तरी ती सिंगल कॉइलच आहे, हम येणारच. हम्बकरला कॉइल स्प्लिटचा (एकच कॉइल चालू ठेवण्याचा) स्विच टाकलात तर स्प्लिट केल्या क्षणी हम परत, कारण एक कॉइल बंद झाली.

पूर्ण हम्बकर घेतलात तर पॉट पण 500 केचे (किलोओहमचे) घ्या, सिंगल कॉइलवाल्या 250 केच्या पॉटवर तो दबलेला वाजतो. आणि बसवताना एक बघा, चार कोरच्या (चार वायरींच्या) हम्बकरला चार रंगीत वायरींसोबत एक उघडी, कवच नसलेली वायर येते. ती पिकअपच्या तळपट्टीची ग्राउंड असते, बरेच जण जास्तीची समजून कापून टाकतात. ती पॉटच्या पाठीवर टाका घालून जोडा, नाहीतर हम गेलेल्या नव्याकोऱ्या पिकअपमधून झिर्रर्र सुरू होईल.