कात्री चालली, खूण मात्र उरली नाही

मे 2025 मध्ये ‘कमला’ आणि ‘पूसा डीएसटी राईस 1’ या भाताच्या दोन जनुक-संपादित (म्हणजे स्वतःच्याच जनुकात बदल केलेल्या) वाणांची घोषणा होताच ‘आता जीएम तांदूळ (म्हणजे परके जनुक घातलेला) ताटात वाढणार’ अशी ओरड सुरू झाली. ओरड चुकीची होती, पण तिच्यामागचा गोंधळ आपल्या नियमांतही बरीच वर्षे होता. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील 1989 च्या नियमांत जनुकीय अभियांत्रिकीची जी व्याख्या आहे, तीत परके आनुवंशिक द्रव्य घालणे जसे येते, तसेच सजीवाच्या स्वतःच्या द्रव्यातला तुकडा काढून टाकणेही येते.

‘कमला’मध्ये नेमके हेच केलेले आहे. सांबा मसुरी या जुन्या वाणाच्या पेशीत ‘कॅस’ कुळातले, कात्रीसारखे कापणारे प्रथिन आणि त्याला वाट दाखवणारा आरएनए सोडतात. या आरएनएची सुमारे वीस अक्षरे (म्हणजे रासायनिक घटक) डीएनएशी जिथे जुळतात आणि शेजारी ठरावीक अक्षरे (कॅस-9 या प्रथिनासाठी ‘जी-जी’ ही जोडी) सापडतात, तिथेच ते प्रथिन डीएनएचे दोन्ही धागे तोडते. पेशी घाईघाईने ते सांधते आणि त्या घाईत एखाददुसरे अक्षर गळते किंवा जास्तीचे शिरते. जनुकाची अक्षरे तीन-तीनच्या गटांनी वाचली जात असल्यामुळे एक अक्षर गळाले, तरी पुढचे सारे वाचन सरकते आणि प्रथिन निकामी होते. इथे निकामी झाले ते सायटोकायनिन हे संप्रेरक मोडून टाकणारे विकर. संप्रेरक साठले आणि लोंबीत दाणे वाढले. कापणारे प्रथिन पेशीत तयार व्हावे म्हणून घातलेले उपरे जनुक पुढच्या पिढीतल्या काही रोपांत मेंडेलच्या नियमाने आपोआप येत नाही, आणि तीच रोपे निवडली जातात.

असे गळालेले अक्षर निसर्गातही आढळते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठासह काढलेल्या टीएजी-24 या भुईमुगाच्या वंशावळीत तर किरणांच्या माऱ्याने घडलेली उत्परिवर्तने आहेत; तिथे अक्षरे कुठे बदलतील यावर कोणाचाच ताबा नव्हता, तरी त्या शेंगा आपण निर्धास्तपणे फोडतो. युरोपीय न्यायालयाने मात्र 25 जुलै 2018 रोजी जुन्या किरण-पद्धतींची सूट कायम ठेवून जनुक-संपादित पिकांना जीएमच्या पूर्ण नियमांखाली आणले. हा निकाल मला उफराटा वाटतो.

भारताने 30 मार्च 2022 रोजी वेगळी वाट धरली. अंतिम रोपात बाहेरचा डीएनए उरलेला नसेल, तर नियम 7 ते 11 मधून, म्हणजे केंद्रीय मूल्यांकन समितीच्या मंजुरीतून, सूट मिळाली. डीएनए उरला नसल्याची खातरजमा वाण घडवणाऱ्या संस्थेच्याच जैवसुरक्षा समितीकडे आली, आणि माझी शंका इथेच आहे. विदर्भात विनापरवाना तणनाशक-सहनशील जीएम कपाशी पकडायची, तर पान नळीत चुरडून त्या रसात कागदी पट्टी बुडवतात. परके प्रथिन असेल, तर काही मिनिटांत दुसरी रेघ उमटते. ‘कमला’च्या रसात अशी रेघ उमटवणारे परके प्रथिनच नाही. बदललेले अक्षर प्रयोगशाळेत वाचता येईल, पण ते कात्रीने गेले की निसर्गाने गाळले, हे ते अक्षर सांगत नाही. त्यासाठी वाण घडवणाऱ्या संस्थेचीच नोंदवही उघडावी लागेल.