खपली गहू, बिअर आणि इजिप्तमधला पगार

सातारा-सांगलीकडं ज्याला आपण खपली म्हणतो ना, तोच गहू प्राचीन इजिप्तमधे रोजचा होता, आणि तिथलं जेवण समजून घ्यायचं तर सुरुवात या खपलीपासूनच करावी लागते असं मला वाटतं. कारण हा गहू नुसता मळून भागत नाही, टरफल दाण्याला चिकटूनच राहतं. मग तिथल्या बायका तो जरा ओलसर करून उखळात कांडायच्या, वाळवायच्या, पाखडायच्या आणि मग गुडघ्यावर बसून पाट्यासारख्या दगडावर पुढं-मागं रगडून पीठ काढायच्या, गोल फिरणारं जातं तेव्हा तिथं नव्हतंच. एवढी मेहनत, आणि ती रोजची! पिठात वाळू नि दगडाची कच यायची, ममींचे दात झिजलेले सापडतात त्यामागं हे एक मोठं कारण आहे.

खपलीचा ब्रेड, आणि जवाची (कधी खपलीचीही) बिअर. सोबत कांदा, लसूण, मसूर, खजूर, नाईलचे मासे. मटण-बीफ गरिबाला सणासुदीलाच, पण गिझाला पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या वस्तीत गाई-बैल, शेळ्यामेंढ्यांची हाडं ढिगानं सापडलीत, म्हणजे तिथं सरकार कामगारांना नीट खाऊ घालत होतं.

बिअरबद्दल आधी सगळे म्हणायचे की अर्धवट भाजलेला ब्रेड पाण्यात कुस्करून आंबवायचे. पण डेल्वेन सॅम्युएल या संशोधक बाईंनी जुन्या मडक्यांना चिकटलेला साका मायक्रोस्कोपखाली बघितला आणि १९९६ साली दाखवून दिलं की मोड आणलेलं धान्य आणि शिजवलेलं धान्य वेगवेगळं तयार करून एकत्र करायचे. हॉप्स (आजच्या बिअरला कडवट चव देणारी फुलं) वगैरे काही नाही. आणि प्रमाण बघा, इजिप्तमधल्याच अबायडोसला साधारण ५००० वर्षांपूर्वीची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, सापडल्याचं २०२१ मधे जाहीर झालं, एका वेळेला २२,४०० लिटर बिअर निघत असावी असा अंदाज आहे!

नाणी नव्हती त्यामुळं पगारही धान्यातच. देर एल-मदिना या गावात राजांची थडगी खोदणारे कारागीर राहायचे, त्यांना महिन्याला ४ खार खपली आणि दीड खार जव मिळायचे, खपली ब्रेडला नि जव बिअरला. एक खार म्हणजे अंदाजे ७६ लिटरचं माप, म्हणजे घरखर्च भागून उरलेल्या धान्यावर बाकीची खरेदी व्हायची. मासे, भाजी, अगदी प्यायचं पाणीसुद्धा बाहेरून पोचवलं जायचं कारण गाव वाळवंटाच्या कडेला होतं.

म्हणूनच तिसरा रामसेस या राजाच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. ११५७ च्या आसपास, धान्य थकलं तेव्हा हे लोक काम टाकून मंदिरांपाशी जाऊन धरणं धरून बसले. भूक आणि तहान आम्हाला इथं घेऊन आली, कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. हे सगळं आज इटलीतल्या तुरिनला असलेल्या एका पपायरसवर (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदावर) लिहिलेलं आहे, आणि जगातला नोंद असलेला पहिला संप तो हाच. धान्य मिळालं, पण पुन्हा थकलं आणि ते पुन्हा बसले.

खपली मात्र पुढं मागं पडली. इ.स.पू. ३३२ मधे अलेक्झांडर आला, त्यानंतरच्या ग्रीक राजवटीत मळणीतच टरफल सुटणारा गहू पसरला आणि बघता बघता इजिप्तच्या शेतातून खपली जवळजवळ गेलीच.