किनकार्डिनचा फिरता पूल: पार्श्वभूमी

स्कॉटलंडमधल्या फोर्थ नदीवरचा किनकार्डिन पूल आज फिरत नाही. १९८८ साली तो शेवटचा फिरला आणि नंतर कायमचा जखडला गेला. तो फिरता का बांधला, हे समजायला नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या ॲलोआ गावाकडे पाहावं लागतं.

फोर्थवर रेल्वेचा प्रसिद्ध पूल १८९० मध्येच झाला होता. मोटारवाल्यांचे मात्र हाल होते. क्वीन्सफेरीला फेरीबोटीची वाट पाहायची, नाहीतर थेट स्टर्लिंगपर्यंत वळसा घालायचा. मधे कुठेतरी रस्त्याचा पूल हवा होता आणि किनकार्डिनपाशी पात्र आवाक्यातलं होतं. पण ॲलोआला बंदर होतं. कोळसा, काच, बिअर असा तिथला व्यवहार. सखल पूल बांधला की त्या जहाजांची वाट अडणार. म्हणून पुलाचा एक गाळा, म्हणजे खांबांवर टेकलेला एक भाग, बाजूला फिरवता येईल असा करायचा. ही तोड नवी नव्हती: ॲलोआजवळच्या १८८५ च्या रेल्वेपुलालाही फिरता गाळा होताच.

सर अलेक्झांडर गिब यांच्या कंपनीने आराखडा केला आणि २९ ऑक्टोबर १९३६ रोजी पूल खुला झाला. लांबी सुमारे ८२२ मीटर. त्यातला मधला १११ मीटरचा पोलादी गाळा एकाच खांबावर तोललेला, जात्याचा वरचा दगड खुंट्याभोवती फिरावा तसा. विजेच्या मोटारींवर तो आडवा वळला की दोन्ही बाजूंना जहाजांसाठी साधारण ४६-४६ मीटरची वाट मोकळी व्हायची. चालकाची खोली गाळ्याच्या मध्यावर, रस्त्याच्या डोक्यावर. जहाज निघून जाईपर्यंत मोटारी खोळंबायच्या. फेरीबोटीची वाट पाहण्यापेक्षा ते बरंच म्हणायचं!

मग ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते बंदरच १९७० मध्ये बंद झालं. त्याआधी, १९६४ साली, क्वीन्सफेरीला रस्त्याचा मोठा पूल झाला होता. तरी किनकार्डिनवरची वर्दळ काही हटली नाही. गावातल्या अरुंद रस्त्यांतून ट्रक घुसत राहिले, आणि २००८ मध्ये शेजारीच क्लॅकमॅननशायर पूल उभा करावा लागला. जुन्या पुलाला त्याआधीच, २००५ मध्ये, वारसा वास्तूंच्या यादीत सर्वोच्च, म्हणजे ‘ए’ श्रेणी मिळाली होती. शेजारचा नवा पूल सुमारे १.२ किलोमीटर लांबीचा आहे. त्याला फिरता गाळा ठेवलेला नाही.