बसलेल्या बॅटरीत शंभर स्टार्ट

भंडारदऱ्याला धरणाच्या काठावर तंबू ठोकून राहिलो होतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, सकाळचे साडेसहा, गाडीच्या टपावर दव इतकं की बोटाने नाव लिहावं. किल्ली फिरवली, तर इंजिनाऐवजी बोनेटखालून नुसतं टक्-टक्-टक्-टक्. पाल चुकचुकावी तसं, पण घाईघाईने. डॅशबोर्डवरचे दिवे त्याच तालावर मिणमिणत होते. रात्रीचा हिशेब सगळ्यांनाच ठाऊक होता. नऊपासून दोनपर्यंत गाडीची गाणी, चौघांचे मोबाईल चार्जिंगला आणि डिकी सताड उघडी.

चहाच्या टपरीवरचे मामा मफलर गुंडाळत आले. "सेकंडला टाका, पोरं लावतो ढकलायला."

"मामा, ऑटोमॅटिक आहे. क्लचच नाही हिला."

मामांनी गाडीकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मंग बसा चहा पीत, ऊन येईस्तोवर."

दोन चहा झाले. मग शेजारच्या तंबूतला एक मुलगा सॅकमधून पोळीभाजीच्या चपट्या डब्याएवढी पेटी घेऊन आला. लाल चिमटा इकडे, काळा तिकडे, "मारा सेल्फ" म्हणाला. दोन सेकंदांत इंजिन सुरू. पेटीचं वजन अर्धा-पाऊण किलो. जिने दगा दिला ती गाडीची बॅटरी दहा किलोच्या पुढची.

तेव्हापासून तसली पेटी, म्हणजे जम्प स्टार्टर, माझ्याही गाडीत असते. पण ती विकत घेण्याआधी एक कोडं सोडवावंसं वाटलं. मोठ्या बॅटरीत वीज संपली आणि लहान पेटीत होती, असा सरळ अर्थ मी लावला होता. गणित करून पाहिल्यावर तो चुकीचा निघाला.

माझ्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे साधारण ३५ तास एक-एक अँपिअर देईल एवढा साठा. रात्रभरातल्या गाण्यांना, दिव्यांना आणि मोबाईलना मिळून पाच अँपिअर धरले, तर पाच तासांत २५ अँपिअर-तास गेले. उरले दहा. आता छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन फिरवायला सेल्फची मोटर साधारण १५० अँपिअर घेते, पण दोनच सेकंद. दोन सेकंद १५० अँपिअर म्हणजे ०.०८ अँपिअर-तासाच्या आसपास. भागाकार करा. 'बसलेल्या' त्या बॅटरीत शंभरहून जास्त वेळा गाडी सुरू होईल एवढी वीज कागदोपत्री शिल्लक होती!

होती, पण ती एकदम देता येत नव्हती. सगळी गोम इथेच आहे. साठा वेगळा आणि ओघ वेगळा. टाकी अर्धी भरलेली असली, तरी नळात गाळ अडकला असेल तर बादलीत करंगळीएवढीच धार पडते.

बॅटरीतला 'गाळ' म्हणजे तिचा अंतर्गत रोध. शिसे-आम्ल बॅटरी १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने बनवली आणि तिचं मूळ रसायन अजून तेच आहे. सहा कप्पे, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्ट, पूर्ण भरलेली असताना एकूण १२.६. वीज देताना दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि आम्ल पाण्याकडे झुकतं, पातळ होतं. उतरलेल्या अवस्थेत बॅटरी बरेच दिवस पडून राहिली, तर त्या सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि चार्ज करूनही पूर्ण विरघळत नाहीत. थंडीत आम्लातल्या आयनांची हालचाल मंदावते, शिवाय इंजिनातलं ऑईलही घट्ट होतं. म्हणजे देणाऱ्याचा हात आखडलेला आणि मागणाऱ्याची भूक वाढलेली.

चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ओहमच्या हजाराव्या भागांत मोजतात. समजा तो ५ सहस्रांश ओहम आहे. १५० अँपिअर ओढले की पाऊण व्होल्ट आतच खर्च होतो, त्याने काही बिघडत नाही. जुन्या, थंड, उतरलेल्या बॅटरीत तोच रोध ३० सहस्रांश झाला, तर आतल्या आत साडेचार व्होल्ट जातात. १२ मधून साडेचार गेले, उरले साडेसात. तेवढ्यावर सेल्फ फिरत नाही.

ती टकटकही इथूनच येते. सेल्फच्या मोटरला वीज जोडणारा एक विद्युतचुंबकी खटका असतो, मेकॅनिक त्याला सोलेनॉइड म्हणतात. किल्ली फिरवली की खटका ओढला जातो, मोटरने वीज मागताच व्होल्ट कोसळतात, खटक्याला धरून ठेवायलाही जोर पुरत नाही, तो सुटतो. मागणी थांबली की व्होल्ट पुन्हा वर, खटका पुन्हा आत. टक्-टक्-टक्. एकही टक आली नाही, दिवेही लागले नाहीत, तर दुखणं वेगळं: बॅटरी पार शून्यावर किंवा टर्मिनल निखळलेलं.

टर्मिनलबद्दल थोडं रागाने सांगायचं आहे, कारण पेटीवर चार-पाच हजार घालण्याआधी दहा मिनिटांचं काम बहुतेक जण करत नाहीत. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरट-हिरवट पावडर जमते. तिच्यामुळे सांध्याचा रोध थोडासा जरी वाढला, तरी नवीकोरी बॅटरीसुद्धा बसल्यासारखी वागते. गाडी बंद करून आधी ऋण आणि मग धन टर्मिनल सोडवायचं, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासायचं. फसफसतं ते आम्ल मरताना. पाणी पुसून पान्ह्याने टर्मिनल घट्ट आवळायचं, या वेळी धन आधी. अर्ध्या 'बसलेल्या' गाड्या एवढ्यानेच उठतात असं माझा गॅरेजवाला म्हणतो, आणि हे सांगण्यात त्याचा काही फायदा नाही.

आता ती पेटी. दोन सेकंदांच्या स्टार्टला लागणारी शक्ती साधारण १५०० वॉट, म्हणजे घरातले दोन मिक्सर एकदम लावावेत एवढी, किंवा दोन अश्वशक्ती. ऊर्जा मात्र फक्त तीन हजार ज्यूल. तुमच्या खिशातल्या ५००० मिलीअँपिअर-तासांच्या मोबाईलमध्ये जवळपास ६९,००० ज्यूल असतात. साठ्याचाच प्रश्न असता, तर मोबाईलवर वीसेक वेळा गाडी सुरू झाली असती. साधी पॉवर बँक साठ्याने श्रीमंत असली, तरी तिची धार पंधरा-वीस वॉटची, फार तर पन्नास-साठची.

जम्प स्टार्टरमध्येही लिथियमच असतं, पण घडण वेगळी. लिथियम सेलमध्ये धातूच्या पातळ पत्र्यांवर रसायनाचा लेप दिलेला असतो. मोबाईलमध्ये तो जाड, म्हणजे जागा थोडी आणि साठा जास्त. जम्प स्टार्टरमध्ये लेप पातळ, पत्रे जास्त, वीज बाहेर काढणाऱ्या पट्ट्या रुंद. पापड आचेवर क्षणात भाजतो आणि भाकरीला वेळ लागतो, कारण भाकरीत उष्णतेला आतपर्यंत चालत जावं लागतं. लिथियमच्या आयनांचंही तसंच. पापड-सेल वजनाच्या मानाने कमी वीज साठवतो, पण मागाल तेव्हा एकदम ओततो. ड्रोनमध्ये याच जातीचे सेल असतात. असे तीन-चार सेल एकापुढे एक जोडले की गाडीला चालेल एवढे व्होल्ट मिळतात.

गंमत म्हणजे गाडीला सेल्फ मिळाला तोच या युक्तीवर. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. ती मोटर क्षणभरच चालायची, त्यामुळे लहान असूनही तिच्याकडून झेपेल त्यापेक्षा जास्त काम काढता येत होतं. गाडी सुरू करणंही क्षणाचंच काम, हे त्याने हेरलं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा सेल्फ आला आणि हात मोडणारं हँडल हळूहळू गेलं. सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा असं सांगतात ते याचसाठी. ती मोटर सतत चालायला बनवलेलीच नाही, तापते.

खरेदी करताना पेटीवरचे आकडे जपून वाचावेत. '२०,००० मिलीअँपिअर-तास' हा आकडा बहुधा एका सेलच्या ३.७ व्होल्टवर धरलेला असतो. गाडीच्या १२ व्होल्टच्या भाषेत तो जेमतेम सहा अँपिअर-तास. '२००० अँपिअर पीक' हा तर डोळा लवतो तेवढ्या वेळाचा आकडा, आणि तो कसा मोजला हे सांगायचं बंधन कोणी पाळताना दिसत नाही. डब्यावर तुमच्या इंजिनाचा प्रकार आणि लिटर लिहिलेत का ते बघा. डिझेलला जास्त दम लागतो. त्यात ठिणगी नसते, हवा दाबून तापवूनच इंधन पेटवायचं असतं, त्यामुळे दाब पेट्रोलच्या मानाने बराच जास्त. छोट्या पेट्रोल गाडीसाठी घेतलेली पेटी मामेभावाच्या डिझेल एसयूव्हीपुढे हात टेकते, हे मी पाहिलं आहे.

चिमट्यांमध्ये मात्र अक्कल असलीच पाहिजे. उलटे लावले तर वीज सोडायचीच नाही आणि गाडीकडून उलट येणारी वीज अडवायची, एवढं काम त्यातलं सर्किट करतं. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास वीज बनवू लागतो, ती पेटीत घुसू नये म्हणून अर्ध्या मिनिटात चिमटे काढायचे. आणखी एक गोष्ट. शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि हवेत चार टक्के झाला तरी पेटू शकतो. म्हणून दुसऱ्या गाडीवरून जम्पर केबल लावताना शेवटचा काळा चिमटा बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब लावतात. ठिणगी पडायचीच तर तिथे पडू दे.

एक धूर्त जातही आहे: सुपरकपॅसिटरची पेटी. तिच्यात स्वतःचा साठा जवळजवळ नसतो. बसलेल्या बॅटरीलाच ती जोडायची. बॅटरी १५० अँपिअर देऊ शकत नाही, पण पाच-दहा नक्की देते. पेटी ते दोन-चार मिनिटं थेंबाथेंबाने गोळा करते आणि मग एका दमात ओतते. भंडारदऱ्याच्या त्या शंभर शिल्लक स्टार्टांपैकी एक तिने सहज काढून दिला असता. उन्हातान्हाची तिला फारशी फिकीर नसते. पण बॅटरी पार रिकामी असेल, तर ती बापडी काय करणार?

मामांचं 'ऊन येईस्तोवर' हेही अडाणीपणाचं नव्हतं. बॅटरी ऊबेला आली की तिचा ओघ सुधारतो. मात्र बॅटरीला खरं मारतं ते ऊनच. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. उन्हाळ्यात आतल्या पट्ट्या गंजतात, पाणी उडतं. मेपासून आजारी असलेली बॅटरी पहिल्या गार सकाळी राम म्हणते आणि आपण थंडीला बोल लावतो.

तेच ऊन पेटीलाही खातं. चंद्रपूर-नागपूरकडे बाहेर ४५ असताना बंद गाडी तासाभरात २० अंशांनी तरी जास्त तापते. काठोकाठ भरलेला लिथियम सेल अशा उष्णतेत झपाट्याने म्हातारा होतो. मार्च ते जून मी पेटी उन्हात उभ्या गाडीत ठेवत नाही, घरी नेतो. एरवी ती डिकीच्या तळाशी, स्टेपनीच्या खोबणीत, पाऊणभर चार्ज करून असते, डॅशबोर्डवर कधीच नाही. फुगलेली दिसली तर तिला गाडी सोडाच, घरातही ठेवू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. उलट, मनालीहून लेहला जाणाऱ्यांनी सरचूच्या मुक्कामात तिला झोपायच्या पिशवीत घ्यावं, कारण गारठलेलं लिथियमही सुस्त होतं. शून्याखाली ते चार्ज मात्र मुळीच करू नये.

आता धक्का. क्लचच्या गाडीला तो अजूनही चालतो, पण आजच्या इंजिनाला पेट्रोलचा पंप आणि संगणक जागे ठेवण्यापुरती वीज लागतेच. विजेच्या गाडीवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडेही दिवे, कुलपं आणि संगणक यांच्यासाठी वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली, तर पोटात शेकडो किलोमीटरची वीज असूनही गाडी उठत नाही. तिला पेटी कुठे लावायची ते मात्र पुस्तिकेतच बघावं.

त्या सकाळी गाडी सुरू झाल्यावर मुलाने बजावलं, "आता घोटीपर्यंत बंद करू नका." आम्ही नाशिकपर्यंत केली नाही. अल्टरनेटरला ते २५ अँपिअर-तास परत भरायला तेवढं अंतरही अपुरंच होतं. घरी येऊन बॅटरी रात्रभर चार्जरला लावली, तरी पंधरवड्यात ती बदलावी लागली. चार वर्षांची झाली होती.

निघताना मामा पेटी हातात घेऊन उलटसुलट बघत होते. "याच्यावर मोबाईल चार्जिंग व्हतं का?"

होतं. बाजूला तशी खाच असते. आणि पेटी ऐन वेळी रिकामी निघते ती बहुतेकदा त्याच खाचेमुळे. माझ्या पेटीच्या त्या खाचेवर मी चिकटपट्टी लावली आहे. मुलगी ती दर सहलीला काढते, मी परत लावतो.