हॅक झालंय की डुप्लिकेट काढलंय? आधी चॅट वर सरकवून बघा

विश्रामबागला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि आठवड्यातून एखादा तरी माणूस घाबऱ्याघाबऱ्या येतोच, "दादा, फेसबुक हॅक झालंय, तेवढा पासवर्ड बदलून द्या". फोन उघडून बघावं तर खातं जसंच्या तसं, पासवर्ड चालतोय, काहीही हललेलं नाही. कुणीतरी त्याचा फोटो आणि नाव उचलून दुसरं खातं काढलंय, एवढंच. आता ह्यात पासवर्ड बदलून काय होणार? त्या दुसऱ्या खात्याला तुमच्या पासवर्डशी काही देणंघेणंच नाही. आपण दोन्हीला हॅकच म्हणतो आणि तिथंच चुकतं, कारण दोन्हीवरचा इलाज पार वेगळा आहे.

मागच्या दिवाळीत आमच्या कोरेगावच्या मामांच्या नावानं मला मेसेंजरवर मेसेज आला, हिंदीत, की माझा दोस्त सीआरपीएफमध्ये आहे, बदली झालीये, फर्निचर आणि फ्रिज एकदम स्वस्तात देतोय, तुझा नंबर दे. मामा फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेत, त्यामुळं असा दोस्त असणं कुणालाही पटेल, सातारा जिल्ह्यात तर गावागावात फौजेतली माणसं, म्हणून ही फर्निचरची गोष्ट आपल्याकडं लगेच खरी वाटते. पण मामा माझ्याशी जन्मात हिंदी बोललेले नाहीत, आणि मला नावानं कधी हाक मारत नाहीत, कायम "बापू". मी चॅट वर सरकवलं तर वर काहीच नाही, कोरं. मामांचं खरं चॅट वेगळंच, खाली पडलेलं, त्यात त्यांच्या रानातल्या आल्याच्या पिकाचे फोटो तसेच होते.

हीच माझी खूण आहे बघा. पैसे मागणारा मेसेज जुन्याच चॅटमध्ये, तुमच्या आधीच्या बोलण्याच्या खाली आला असेल तर खातं चोराच्या हातात गेलंय, म्हणजे खरंच हॅक. आणि चॅट कोरं असेल, किंवा आधीच फ्रेंड असलेल्या माणसाची परत रिक्वेस्ट आली असेल तर डुप्लिकेट. व्हॉट्सॲपवर पण तेच, डीपी ओळखीचा पण नंबर अनोळखी आणि "हा माझा नवीन नंबर" असं लिहिलेलं असलं की डुप्लिकेट धरायचं. त्या माणसाशी आधी कधी चॅटच झालं नसेल किंवा तुम्ही चॅट डिलीट करत असाल तर मात्र ही खूण चालत नाही. मग सरळ जुन्या नंबरवर फोन लावायचा आणि आवाज ऐकायचा. तसा तो सगळ्यातच लावावा.

डुप्लिकेटमध्ये एक गोष्ट लोकांना माहितीच नसते. तो बनवणारा बऱ्याचदा खऱ्या माणसालाच ब्लॉक करून ठेवतो, त्यामुळं मामांना सर्च करून पण काही दिसेना आणि ते म्हणत होते, "बापू, तसलं काही नाही रे". म्हणून रिपोर्ट मित्रांनी आणि घरच्यांनी करायचा असतो. त्या प्रोफाईलवर तीन टिंबं, रिपोर्ट, आणि हा माझ्या मित्राचं सोंग करतोय असा पर्याय. पण त्याआधी स्क्रीनशॉट काढा आणि प्रोफाईलची लिंक कॉपी करून ठेवा, कारण नाव तेच असलं तरी लिंक वेगळी असते, आणि प्रोफाईल एकदा उडालं की पोलिसांना दाखवायला हातात काही राहत नाही.

हॅकमध्ये गडबड उलटी होते. लोक जुनं खातं सोडून देतात आणि नवीन काढतात, म्हणजे जुनं चोराला आंदणच दिलं की! व्हॉट्सॲप गेलं असेल तर आपल्या फोनमध्ये ते परत टाकून आपलाच नंबर घालायचा, एसेमेसनं सहा आकडी कोड येतो, तो टाकला की चोर बाहेर पडतो. त्यानं मधल्या वेळात टू-स्टेपचा पिन, म्हणजे कोडनंतर विचारला जाणारा दुसरा आकडा, लावला असेल तर तुम्हाला आत शिरायला ७ दिवस थांबावं लागतं, पण तो तरी बाहेर गेलेला असतो. व्हॉट्सॲप तुमच्याकडं चालू असून भलते मेसेज जात असतील तर व्हॉट्सॲपमधलं लिंक्ड डिव्हाइस बघा, म्हणजे तुमचं खातं आणखी कुठल्या फोन-कॉम्प्युटरला जोडलंय ते, अनोळखी दिसेल ते लॉगआउट. फेसबुकला पासवर्ड बदला आणि बाकी सगळीकडनं लॉगआउट करा. आणि तो सहा आकडी कोड सख्ख्या भावानं मागितला तरी द्यायचा नाही.

पैसे गेले असतील तर हॅक का डुप्लिकेट ह्याचा विचार नंतर, आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. मामांच्या एका जुन्या दोस्तानं सोफा आणि फ्रिजसाठी १५,००० रुपये पाठवले होते आणि लाजेपोटी दोन दिवस कुणाला बोलले नाहीत, मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण जेवढ्या लवकर कळवाल तेवढी पैसे पुढच्या खात्यात अडकवायची शक्यता जास्त. बाकी दुसऱ्याच्या नावानं फसवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६डी खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद, त्यामुळं तक्रार करायला लाजायचं कारण नाही, लाज त्याला वाटली पाहिजे.

मामांची फ्रेंड लिस्ट मी आता फक्त त्यांनाच दिसेल अशी करून दिलीये, कारण डुप्लिकेटवाला रिक्वेस्ट पाठवायला माणसं तिथनंच उचलतो. त्यांचा युनिफॉर्ममधला फोटो मात्र तसाच ठेवलाय, तो काढ म्हणून मी त्यांना सांगणार नाही.