डिफेंडर या नावाचा घोळ

जळगाव-भुसावळकडे कॉम्प्युटरच्या दुकानात गेलात तर अजून ऐकू येतं, "डिफेंडरच्या भरवशावर राहू नका भाऊ, वर्षाचा अँटीव्हायरस टाकून घ्या." डिफेंडर म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये आधीपासूनच बसवलेला अँटीव्हायरस. त्याच्याबद्दलचा हा सल्ला एके काळी अगदी खरा होता.

लाहोरच्या दोघा भावांनी १९८६ मध्ये लिहिलेला फ्लॉपीवरचा व्हायरस आणि त्यानंतरची काही वर्षं इथे बाजूला ठेवू. तेव्हा खान्देशातल्या घरांत कॉम्प्युटरच नव्हते. ते आले २००० नंतर, एमएस-सीआयटीच्या लाटेत. दुकानदाराने सुटे भाग जोडून दिलेले, आणि आतली विंडोज एक्सपी बहुतेकदा विनापरवाना. इंटरनेट नसायचं किंवा डायल-अप असायचं, म्हणून व्हायरस यायचा तो पेनड्राइव्हमधून. पत्रिका छापणाऱ्याकडून, सायबर कॅफेतून, क्लासमधून. पेनड्राइव्ह लावला की ऑटोरन चाले, म्हणजे आतला प्रोग्राम आपोआप सुरू होई, खरे फोल्डर लपत आणि फोल्डरचंच चित्र लावलेल्या ईएक्सई फायली, म्हणजे प्रोग्रामच, समोर दिसत. त्यावर डबल क्लिक केलं की झालं, "कॉम्प्युटरले व्हायरस लागी गया!" पेनड्राइव्हचा ऑटोरन बंद करणारं विंडोजचं अपडेट फेब्रुवारी २०११ मध्ये आपोआप यायला लागलं, पण विनापरवानावाले अपडेट बंदच ठेवत.

त्या काळात विकतच्या अँटीव्हायरसला फारसा पर्याय नव्हता. बॉक्समध्ये सीडी आणि परवान्याची की. नेट नसलेल्या घरी दुकानदार नवं अपडेट पेनड्राइव्हवर घालून आणायचा. पूर्ण स्कॅनला तासन् तास लागत आणि मध्येच भारनियमन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की मशीन तापून बंद पडे, त्याचं खापरही व्हायरसवरच फुटे.

आता त्या नावाकडे. डिफेंडर विंडोजसोबत आला तो एक्सपीनंतरच्या व्हिस्टात, आणि तेव्हा तो फक्त हेरगिरी करणारे प्रोग्राम हुडकायचा. व्हायरस पकडणं त्याचं कामच नव्हतं. विंडोज ७ मध्येही तेच. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच सिक्युरिटी एसेन्शियल्स नावाचा खरा अँटीव्हायरस फुकट दिला, पण तो वेगळा उतरवून घ्यावा लागे आणि विंडोज अस्सल असल्याचं तपासूनच चाले. म्हणजे आपल्याकडच्या निम्म्याअधिक घरांना दार बंद, असा माझा अंदाज. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हा हाच अँटीव्हायरस आत बसवला गेला आणि नाव ठेवलं पुन्हा डिफेंडर! काम बदललं, पाटी जुनीच राहिली. इथल्या दुकानदाराच्या डोक्यात व्हिस्टाचा डिफेंडर पक्का बसला होता, त्याला दोष कसा द्यायचा?

शिवाय सुरुवातीला त्याची कामगिरीही यथातथाच होती. एका जर्मन चाचणी संस्थेने २०१२ च्या अखेरीस एसेन्शियल्सला प्रमाणपत्र नाकारलं. पुढच्या काही वर्षांत याच घराण्याचा डिफेंडर चाचण्यांत वरच्या रांगेत गेला, ही बातमी मात्र गल्लीपर्यंत पोहोचली नाही. पोहोचावी असं कुणाला वाटत होतं, हाही प्रश्नच. दरवर्षीच्या रिन्यूअलमध्ये दुकानदाराचं कमिशन असतं.

विकतच्या अँटीव्हायरसवाल्यांनाही हे आत बसवणं मान्य नव्हतं. एका रशियन कंपनीने २०१६ मध्ये मायदेशी आणि २०१७ मध्ये युरोपीय संघाकडे तक्रार केली. विंडोजवाल्यांनी काही बदल कबूल केल्यावर ती मागे घेतली गेली. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं: विंडोज ज्याच्या हातात, त्याच्याच हातात राखणदारही. पण ज्याच्या घरी रिन्यूअल संपून दोन वर्षं झाली आणि कोपऱ्यात लाल खूण तशीच आहे, त्याच्यासाठी आत बसवलेला राखणदार केव्हाही बरा.

विकतचा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, तो काढला की पुन्हा उभा राहतो. विंडोज १० चं सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, तरी त्यातल्या डिफेंडरला व्हायरसांच्या ओळखीची अपडेट २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत मिळणार आहेत. विंडोजमधल्या भोकांची डागडुजी मात्र त्यात येत नाही. ती हवी असेल तर कंपनीच्या वाढीव योजनेत नाव घालावं लागतं.