तुर्काना: दुष्काळाच्या बातमीमागचा इतिहास

केनियाच्या वायव्य कोपऱ्यातल्या तुर्कानाची बातमी आपल्यापर्यंत येते ती बहुधा दुष्काळाचीच. पाऊस तिथे कमी पडतो हे खरे आहे. लोद्वार या मुख्य ठाण्यात तो वर्षाला सरासरी 200 मिलिमीटरच्या आसपास असतो. पण तिथली माणसे याच पावसावर पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहेत. शेळ्या-मेंढ्या, गाई, उंट, गाढवे असा मिश्र कळप ठेवायचा, चारा असेल तिकडे सरकायचे, आणि तुर्क्वेल किंवा केरिओ नदी आटली की पात्रातल्या वाळूत झिरे खोदून पाणी काढायचे. फिरस्तीतच या जगण्याचे शहाणपण आहे. बाहेरून आलेल्या राज्यकर्त्यांना मात्र तीच खोड वाटली.

इंग्रजांनी तुर्काना ‘बंद जिल्हा’ ठरवला. बाहेरच्याला परवान्याशिवाय आत जाता येत नसे. शाळा-दवाखान्यांपेक्षा लष्करी ठाण्यांना महत्त्व होते. राजकीय कैद्यांना दूर ठेवायलाही हा मुलूख सोयीचा वाटला. पुढे केनियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले जोमो केन्याटा 1953 साली शिक्षा झाल्यावर आधी इथल्याच लोकितौंगला आणि 1959पासून लोद्वारला होते. त्यांच्याच सरकारने स्वातंत्र्यानंतर, 1965 साली, एक धोरण जाहीर केले: जिथे सुपीक जमीन, चांगला पाऊस आणि वाहतुकीची सोय आहे तिथे आधी पैसा घालायचा, मग त्याचा लाभ इतरांपर्यंत झिरपेल. तो तुर्कानापर्यंत झिरपला नाही. रस्ते, शाळा, दवाखाने यांच्या आजच्या तुटवड्याचे मूळ मला दुष्काळापेक्षा या कागदात जास्त दिसते.

पुढे मदत आली, तीही कळपापासून माणसाला सोडवण्याच्या हेतूने. नॉर्वेच्या पैशातून तुर्काना सरोवराकाठी कालोकोलला मासळी गोठवण्याचा कारखाना उभा राहिला. वाळवंटात शीतगृहाला लागणारी वीज आणि स्वच्छ पाणी परवडेना, आणि तो लवकरच बंद पडला. 1980च्या दशकात सरोवर ओसरले आणि ज्या फर्ग्युसन आखातातल्या मासळीवर सारी भिस्त होती तेच कोरडे पडले. ‘तुर्कानांना मासेमारी ठाऊकच नव्हती’ असे या फसगतीचे कारण अनेकदा सांगितले जाते. ते चूक आहे. जनावरे गमावलेली कुटुंबे आधीपासून सरोवरावर मासे धरून जगत होती. त्यांना विचारूनच काम सुरू झाले असते तर एवढ्या मोठ्या शीतगृहाची गरज कुणालाच वाटली नसती.

1992मध्ये सुदानमधल्या यादवीतून आलेल्या मुलांसाठी काकुमाची छावणी सुरू झाली. पुढे तिथे लाखो निर्वासित राहू लागले. छावणीत दवाखाना आहे, शाळा आहे, पाण्याचा नळ आहे. शेजारच्या तुर्काना वस्तीत यातले काहीच नाही, ही सल वर्षानुवर्षे राहिली. 2016पासून कालोबेयेईला दोघांना एकत्र सेवा देण्याची वसाहत उभी राहू लागली, ती याच तक्रारीतून.

2010च्या राज्यघटनेने मोठा बदल केला. 2013पासून आरोग्य आणि पाणीपुरवठ्याचे बरेचसे काम निवडून आलेल्या काउंटी, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या, सरकारकडे आले. त्याच सुमारास, 2012मध्ये, दक्षिण तुर्कानात तेल सापडले होते. 2018मध्ये रहिवाशांनी तेलाचे टँकर अडवले. मागणी होती सुरक्षिततेची आणि तेलातल्या वाट्याची. 2019च्या पेट्रोलियम कायद्याने सरकारी उत्पन्नातले 20 टक्के काउंटीला आणि 5 टक्के स्थानिक लोकांना द्यायचे ठरवले.

सरोवराचे भवितव्य मात्र कुणीच काउंटीवर सोपवू शकत नाही. त्यातले सुमारे 90 टक्के पाणी इथिओपियातल्या ओमो नदीचे आहे, आणि तिच्यावर 2016मध्ये गिबे-3 धरणाचे उद्घाटन झाले आहे.